अर्ध्या ओटीचं पथ्य

तिसरा आठवडा संपत आला तरी वनिताची कंबर सुटली नव्हती. ती ट्रीटमेंट टेबलावर पालथी पडली होती, मी हॉट पॅक गुंडाळत होते, आणि ती उशीत तोंड घालूनच म्हणाली, "मॅडम, एक सांगू? राग नका मानू."

"सांग."

"तुम्ही पायाळू हाय म्हणते. मंग एकडाव पाय लावून द्या ना."

राग नका मानू म्हणाली होती, तरी मी मानलाच. चांगलं पाच मिनिटं झापलं तिला. साडेचार वर्षं नागपूरला फिजिओथेरपी शिकले ती काय पाय लावायला, वगैरे. ती निमूट ऐकत राहिली. पालथ्या पडलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जन्मताना डोक्याऐवजी आधी पाय बाहेर आले, तर त्या माणसाला पायाळू म्हणतात. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाने न बोलता तीनदा डावा पाय कमरेवर टेकवायचा, की उसण निघते, असा आपल्याकडे पक्का समज आहे. मी पायाळू. माझं बालपण बाभुळगावला गेलं आणि त्यातलं निम्मं लोकांच्या कमरांवर. शाळेतून आले की दारात कोणीतरी कंबर धरून उभं असायचंच. पाठीचा अभ्यास करायचा हे मी तेव्हाच ठरवलं, आणि ते काही फार थोर हेतूने नव्हतं. मला फक्त लोकांना खोटं पाडायचं होतं.

पुढे मी जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कंत्राटावर लागले. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे मी हे गुपित चार महिने सांभाळलं. मग एकदा आई भेटायला आली आणि आमच्या ओपीडीतल्या आयाबाई, शांताबाई, यांच्याबरोबर एक कप चहा पिऊन सगळं सांगून गेली.

कापसाच्या त्या वाईट वर्षांतली ही गोष्ट. त्या काळात आमच्या दवाखान्यात बाहेरून माणसं फार यायची. समित्या, पथकं, कॅमेरेवाले. ते एकाच तऱ्हेच्या पेशंटची, विष घेतलेल्या शेतकऱ्यांची, चौकशी करायचे आणि "या महिन्यात किती?" असं विचारून निघून जायचे. माझ्या खोलीकडे कोणी फिरकायचं नाही. कंबर आखडलेल्या बाईची बातमी होत नाही. ती मरत नाही ना.

वनिता बारा किलोमीटरवरच्या तांड्यावरून जीपमध्ये बसून यायची. चोवीस वर्षांची, सडपातळ, काटक. घरी फक्त याडी, म्हणजे आई. वनिताला पोलीस भरतीत उतरायचं होतं. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं, म्हणजे ही शेवटचीच भरती. पहाटे पाचला ती डांबरी रस्त्यावर पळायची. आणि पळताना कंबर दगा द्यायची.

"पयल्या दोन चकरा बऱ्या जाते," ती म्हणाली होती. "मंग कमरेत लाकूड घातल्यावानी होते. पाय पुढं जाते, कंबर मांगं राह्यते."

मी तपासलं. पायाला मुंग्या नाहीत, ताकद बरोबर, नस दबलेली नाही, मणक्याची गादी सरकलेली नाही. नुसते कमरेचे स्नायू आखडलेले. आखडलेला स्नायू ताणायचा, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी तिला वाकून अंगठे धरायला, गुडघे पोटाशी घ्यायला सांगितलं. शेक दिला. "वजन उचलतेस का?" विचारलं. ती नाही म्हणाली. वजन उचलत नाही, असं मी केसपेपरवर लिहिलं आणि खाली सही केली.

तीन आठवडे तिने व्यायाम इमानदारीने केले. कंबर जास्तच आखडली.

तर त्या दिवशी झापून झाल्यावर हॉट पॅक नीट बसावा म्हणून मी तिचा कुर्ता जरा वर सरकवला. तोवर मी कपड्यावरूनच तपासत होते. तांड्यावरच्या बाया कपडे सरकवू देत नाहीत, आणि मीही फार आग्रह धरत नसे. कमरेवर दोन्ही बाजूंनी मागे आलेला, दोरीएवढ्या जाडीचा काळपट वळ होता.

"हे काय गं?"

"ओटीची गाठ हाय."

"कसली ओटी?"

"कापूस वेचाची. पोटाले बांधतो ना आम्ही, त्यातच टाकत जातो. बाजाराच्या दिवशी टोळीले सुट्टी राह्यते, म्हणून त मी आज येतो."

"म्हणजे रोज वेचायला जातेस? मग वजन उचलत नाही म्हणालीस ते?"

ती मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "कापसाले का वजन राह्यते मॅडम?"

आमच्याकडे वाळू भरलेल्या छोट्या पिशव्या असतात, पायाला बांधून व्यायाम करायच्या. मी एक ओढणी तिच्या पोटाला बांधली, तिला वेचताना वाकते तसं वाकायला लावलं आणि त्या झोळीत पिशव्या टाकत गेले. एक किलो. दोन. "एवढं?" "नाई, याच्याहून जास्त." चार. पाच. सातव्या किलोला ती म्हणाली, "हं. ओळीच्या आखरीले येवढं भरते." आणि मग स्वतःच सरळ होऊन पिशव्यांकडे बघत राहिली.

सकाळी पळणं, मग दिवसभर पोटाशी वाढतं वजन बांधून वाकणं, आणि संध्याकाळी घरी जाऊन मी सांगितलेलं आणखी वाकणं. तिचे स्नायू आखूड झालेच नव्हते. ते थकले होते, आणि थकलेला स्नायू कंबर सांभाळायला स्वतःला घट्ट करून घेतो. त्याला ताणायचं नसतं. त्याचा भार कमी करायचा असतो, आणि मग हळूहळू त्याला ताकद द्यायची असते. हे मला माहीत होतं. पुस्तकात होतं. फक्त तिच्या कमरेवर मी ते वाचलं नव्हतं.

मी व्यायाम बदलले. वाकणं बंद, पालथं पडून छाती उचलणं सुरू, उताणं पडून कंबर उचलणं सुरू. आणि सांगितलं, "वेचणं थांबव महिनाभर."

ती हसली.

"बरं, मग ओटी अर्धी झाली की रिकामी करायची. भरू द्यायची नाही."

यावर ती हसली नाही. टोळीत अकरा बाया. प्रत्येकीने आपला तास, म्हणजे कपाशीची ओळ, धरायची आणि टोकापर्यंत जायचं. ओटी टोकाला धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच, रिकामी करायची. मध्येच कोणी गेली तर तिचा तास मागे राहतो, सगळ्या खोळंबतात. त्यात त्या वर्षी भाव रोज खाली येत होता. शेतमालकांना कापूस कालच गाडीत भरलेला हवा होता.

"मुकादम म्हणन, उद्यापासून नको येऊ," वनिता म्हणाली. "अन् याडीले काय खाऊ घालू?"

शांताबाई दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचं कोनी ऐकणार नाही. पायाचं ऐकतीन."

सोनारानंच कान टोचावे म्हणतात. मी सोनार होते, पण गावाला टोचायला दुसराच कोणी हवा होता. मी दोन मिनिटं विचार केला. खरं सांगायचं तर दोनही नाही. भरती अठरा दिवसांवर होती. मी शांताबाईंना दार लावायला सांगितलं, चप्पल काढली, मोजा काढला, आणि इतकी वर्षं न केलेलं काम केलं. तीनदा. न बोलता. मग म्हणाले, "आता ऐक. या पायाला पथ्य आहे. एकवीस दिवस ओटी अर्ध्याच्या वर गेली नाही पाहिजे. गेली, तर पाय लागू होणार नाही. मुकादमाला तसंच सांग."

ती उठून बसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर उपचार झाल्याचं समाधान दिसलं. मला स्वतःची चीड आली आणि बरंही वाटलं.

पुढच्या बाजाराला ती आली ती सांगतच आली. मुकादमाने एका शब्दाने विरोध केला नाही. उलट तासाच्या मध्यावर अंथरायला आपलं जुनं धोतर दिलं. त्याच्या पोरीची उसण कधीतरी दारव्ह्याच्या कोण्या पायाळूने काढली होती. पायाच्या पथ्याशी खेळ नाही, असं तोच बायांना सांगत होता. वनिताचा तास मागे पडला की शेजारची बाई दोन बोंडं इकडची वेचायची. कोणी कुरकुरलं नाही.

चौदाव्या दिवशी ती सगळ्या चकरा पुऱ्या करून आली होती.

"लाकूड निघालं मॅडम!"

मी तपासलं. स्नायू मऊ होते. अर्धी ओटी आणि माझे व्यायाम, यांनी काम केलं होतं. श्रेय डाव्या पायाला गेलं. जाऊ दे म्हटलं.

पहिल्या आठवड्यापासूनच टोळीतल्या बाकीच्या बाया यायला लागल्या होत्या. मग दुसऱ्या टोळ्यांतल्या. मी प्रत्येकीला पाय लावायचे आणि प्रत्येकीला तेच पथ्य, वर दोन व्यायाम. मला वाटायला लागलं, मी फार हुशार आहे. जे सरकारी पोस्टरांनी झालं नाही ते मी एका पायावर करून दाखवतेय. आमचे वैद्यकीय अधीक्षक एकदा खोलीत डोकावले आणि रांग बघून खूश झाले.

"मॅडम, तुमची ओपीडी तर माझ्यापेक्षा जास्त झाली!"

"सर, या सगळ्या पाय लावायला आल्यात."

"लावा ना मग. लोकांचा विश्वास आहे, आपलं काय जाते?"

दोन दिवसांनी एक पथक आलं. नेहमीप्रमाणे दुसऱ्याच पेशंटसाठी. वॉर्ड बघून झाला, आकडे लिहून झाले, आणि त्यांच्यातला एक कॅमेरेवाला संडास शोधत माझं दार उघडून आत आला. माझा पाय तेव्हा एका बाईच्या कमरेवर होता.

फोटो पेपरात आला. त्यात माझा चेहरा नव्हता, नुसता पाय होता. शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात सरकारी दवाखाना कसा अंधश्रद्धा पसरवतो, हे खाली लिहिलेलं. व्यायामाबद्दल, ओटीबद्दल, सात किलोबद्दल एक अक्षर नाही. आणि ते लिहिणाऱ्याचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. त्याने जे पाहिलं ते लिहिलं.

सरांनी बोलावून मेमो हातात दिला.

"सर, तुम्हीच म्हणाला होता, लावा म्हणून."

"तोंडी म्हणालो असेन. हे लेखी आहे."

"मी त्यांना व्यायामही देते. काम कमी करायला सांगते. पाय नुसता..."

"मॅडम, मार्चमध्ये तुमचं कंत्राट संपतं. यापुढे कोणत्याही पेशंटला पाय लावणार नाही असं लिहून द्या, विषय संपला."

मी लिहून दिलं. अक्षर चांगलं आलं होतं, हे अजून आठवतं.

त्याच आठवड्यात भरती सव्वा महिना पुढे ढकलल्याची बातमी आली. कारण कोणी सांगितलं नाही. पोरं पळत होती ती पळतच राहिली.

एकविसावा दिवस बाजाराचाच होता. वनिता आली, टेबलावर पालथी पडली आणि म्हणाली, "मुकादम म्हणते पथ्य सरलं, उद्यापासून ओटी भर. म्हणून परत एकडाव पाय लावा. भरती होयेपर्यंत."

"पाय नाही लावता येणार आता. मी लिहून दिलंय."

"कोनाले?"

"सरकारला."

मी तिला दवाखान्याच्या कागदावर चिठ्ठी दिली. रुग्णाने कमरेवर वजन घेऊ नये, ओटी अर्ध्यावर रिकामी करू द्यावी, असं स्वच्छ मराठीत. शिक्का मारला. म्हटलं, मुकादमाला दे.

पुढच्या आठवड्यात तिची चाल बघूनच मला कळलं. "वाचली त्यानं चिठ्ठी?"

"वाचली. म्हणे, अशी चिठ्ठी माह्या बायकोकडं बी हाय, रक्त कमी म्हणून. तिले का मी घरी बसवलं?"

मी हॉट पॅक गरम करायला ठेवला.

"मॅडम, तुम्ही एकडाव या ना," ती म्हणाली. "पाय नका लावू. नुसतं मुकादमले सांगा, जसं मले वाळूच्या पिशव्या टाकून दाखवलं ना, तसंच. त्याले समजन. वाईट माणूस नाही तो. रविवारी आमचं वावर चालू राह्यते, चौकातून जीप भेटते."

"पाहते," मी म्हणाले.

एका रविवारी मी चौकापर्यंत गेलेही. पिशवीत वाळूच्या पिशव्या घेतल्या होत्या. जीपवाल्याने "या मॅडम, पुढं बसा" म्हणून जागा केली. मागे बसलेल्या दोघींनी मला ओळखलं आणि एक दुसरीला म्हणाली, "ह्याच त पायवाल्या मॅडम." तेवढंच. टोचून नाही, कौतुकाने म्हणाली. पण मला वाटलं, मी त्या वावरात उतरले की बाया धुऱ्यावर पालथ्या पडणार, कोणीतरी फोटो काढणार, आणि मार्चमध्ये मी घरी. जीपवाल्याला म्हटलं, विसरले काहीतरी. भाजी घेतली आणि खोलीवर परत आले. त्यानंतर आणखी तीन रविवार होते. त्या तीन रविवारी मी चौकाच्या बाजूलाही गेले नाही.

वनिता मात्र येत राहिली. मी शेक दिला, हाताने स्नायू मोकळे केले, व्यायाम घेतले. बाजाराच्या सोमवारी जे सुटायचं ते मंगळवारी पुन्हा सात किलोखाली जायचं. पळण्याआधीचे चार दिवस तरी काम सोड म्हणाले, तर तिने दोन दिवस सोडलं. तिच्याकडून जेवढं होणार होतं तेवढं तिने केलं.

भरती झाल्यावर दहा-बारा दिवसांनी ती दवाखान्यात आली ती याडीच्या गोळ्या न्यायला. मला व्हरांड्यात दिसली. मीच हाक मारली.

"काय झालं गं?"

"गोळाफेक झाली, उडी झाली. पळण्यात राह्यली."

"किती?"

"थोडक्यात. दोन चकरा बऱ्या गेल्त्या. मंग तेच." ती गोळ्यांचं पाकीट उलटंसुलटं करत होती. रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. "तुमचा पाय लागला असता त निघाली असती मॅडम."

मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, "वनिता, पायाने काही झालं नव्हतं. पायात काही नसतं. अर्ध्या ओटीने झालं होतं. मी तुला पिशव्या टाकून दाखवलं होतं ना?"

"दाखवलं होतं."

"मग?"

"मंग तुम्हीच म्हणाल्या का नाही, पायाचं पथ्य हाय म्हणून. आम्ही अकरा बाया, मुकादम, सगळ्यायनं पाळलं. आता तुम्हीच म्हणता पायात काही नाही." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "आम्ही कोन्तं खरं धराचं?"

तिची जीप निघाली होती, ती गेली.

मार्चमध्ये माझं कंत्राट वाढवून मिळालं. पुढे कायमही झाले. पायाचा उपयोग नवीन लोकांना आमच्या धंद्यात शिकवत नाहीत. पण पेशंट ज्यावर विश्वास ठेवतो त्याच्या आडून आपलं सांगावं, असं मात्र हल्लीही कोणी ना कोणी शिकवतं, आणि ते ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. तसं काम होतं, हे मी नाकारत नाही. एकवीस दिवस झालंच होतं. त्यानंतर बारा किलोमीटर जाऊन मुकादमासमोर सात किलो वाळू ठेवणं, एवढंच माझं काम उरलं होतं. ते मी केलं नाही. वनिताचं वय बसत नाही म्हणून त्यानंतर तिला कोणी धावायला बोलावलं नाही.